वजन घटवताना ताकद जपा : बुजुर्गांसाठी प्रथिने आणि व्यायाम

जळगाव-धुळ्याच्या मशिदींत खुर्चीवर नमाज पढणारे बुजुर्ग आपण रोज पाहतो. दरवेळी दोष गुडघ्यांचाच नसतो. शरीर जड आणि मांड्या कमजोर झाल्या, की सजद्यातून उठणे अवघड होते.

साठीनंतर नुसते खाणे कमी केले तर चरबीसोबत स्नायूही झिजतात. ६५ वर्षांवरील १६० लठ्ठ व्यक्तींचा अमेरिकेतला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी आहारासोबत चालणे आणि ताकदीचा व्यायाम दोन्ही करणाऱ्यांची शारीरिक क्षमता २१ टक्के सुधारली. एकच प्रकार करणाऱ्यांची १४ टक्के.

प्रथिने किती? वयस्कांसाठी तज्ज्ञ दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७, शिजलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये २५ च्या पुढे. आपल्या कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत उडीद असतो, खिचड्यात डाळ आणि गोश्त. दोन्ही खावे, वरची तर्री मात्र काढून.

व्यायाम कोणता? आठवड्यातून किमान दोन दिवस खुर्चीवरून दहा वेळा उठबस, भिंतीला टेकून दंड, भरलेल्या बाटल्या उचलणे. रमजानमध्ये हे इफ्तारनंतर करावे. सहरीत अंडे किंवा दही ठेवावे.

किडनीचा आजार असेल तर प्रथिने डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत. शुगरची औषधे चालू असतील तर व्यायामाआधीही विचारावे.

अम्मी-अब्बांचे वजन आपण काट्यावर बघतो. हात न टेकता ते खुर्चीवरून उठतात का, हेही बघू या.