पहिली कडबाकुट्टी मशीन घेताय? आधी हे वाचा

जनावरांपुढे अख्खी पेंढी टाकली की ती पानं खातात आणि धाटं तशीच सोडतात. कुट्टी केली की चारा वाया जात नाही. पण हीच मशीन चुकलं तर क्षणात बोटं नेते.

घेताना काय बघाल?
- दोन-चार जनावरांसाठी घरच्या सिंगल फेजवर चालणारी 2 एचपीची मशीन पुरते.
- चारा घालायचं तोंड लांब हवं, म्हणजे हात रोलरपर्यंत पोचत नाही.
- चारा मागे काढणारा रिव्हर्स गिअर, पट्ट्यावर आणि चाकावर कव्हर, आयएसआय मार्क बघा.
- अनुदान हवं असेल तर महाडीबीटीवर अर्ज करा. पूर्वसंमती येण्याआधी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही.

चालवताना
- पदर, ओढणी, उपरणं आवरून घ्या. लहान मुलांना लांब ठेवा.
- शेवटची मूठ हाताने ढकलू नका, पुढच्या पेंढीने ढकला.
- चारा अडकला तर बटण बंद करा, पिन काढा. चाक पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नका.
- मध्येच लाइट गेली तर लगेच बटण बंद करा. नाहीतर लाइट येताच मशीन आपोआप सुरू होईल.
- अर्थिंग करून घ्याच.

बोट तुटलंच तर?
जखम स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि 108 ला फोन करा. तुटलेलं बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका. वेळेत पोचलात तर ते जोडता येऊ शकतं.