सराईत आरोपी सुटतो तेव्हा सरकारी वकिलाचे उत्तरदायित्व किती?

ठाणे, प्रतिनिधी – टेंभी नाक्यापासून जिल्हा व सत्र न्यायालय पायी जाण्याच्या अंतरावर आहे. सराईत गुन्हेगार सुटल्याची चर्चा निघाली की दोष पोलिसांना दिला जातो, नाहीतर न्यायाधीशांना. या दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या सरकारी वकिलाकडे क्वचितच लक्ष जाते.

डिसेंबर २०२४ मध्ये कल्याण पूर्वेत एका अल्पवयीन मुलीचे अपहरण करून तिची हत्या झाली. अटक झालेल्या संशयितावर पूर्वीचे गुन्हे दाखल होते आणि तो जामिनावर बाहेर होता. एप्रिल २०२५ मध्ये तळोजा कारागृहात त्याचा मृत्यू झाला व त्याच्यापुरता खटला संपला. सराईत आरोपीच्या जामिनाच्या वेळी सरकार पक्ष न्यायालयापुढे काय मांडतो, हा प्रश्न मात्र उरला.

जामिनातील भूमिका

जामीन देणे वा नाकारणे हा न्यायालयाचा अधिकार आहे. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० नुसार, सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या अजामीनपात्र गुन्ह्यात सरकारी वकिलाला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय दंडाधिकारी जामीन देऊ शकत नाहीत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही हीच तरतूद होती. पूर्वीचे गुन्हे, आधीच्या जामिनाच्या अटींचा भंग, साक्षीदारांवरील दबाव या बाबी न्यायालयापुढे आणणे हे सरकारी वकिलाचे काम. अटी मोडल्यास जामीन रद्द करण्यासाठी अर्जही करता येतो.

पूर्वीची शिक्षा

नाणी व नोटांविषयीच्या किंवा मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यात, ज्याला तीन वर्षे वा अधिक कैदेची तरतूद आहे, एकदा दोषी ठरलेल्याने पुन्हा तसाच गुन्हा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १३ नुसार जन्मठेप वा दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यासाठी पूर्वीच्या शिक्षेचा तपशील दोषारोपात नमूद व्हावा लागतो आणि तो सिद्धही करावा लागतो. तो राहून गेला असेल, तर शिक्षा सुनावण्यापूर्वी न्यायालय त्याची भर घालू शकते. सरकार पक्षाने ही बाब मांडलीच नाही, तर सराईत चोरही पहिल्यांदाच सापडल्यासारखा उभा राहतो.

चूक झाली तर?

जामिनावर सुटलेल्याने पुढे केलेल्या गुन्ह्यासाठी सरकारी वकिलाला दोषी धरणारा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेतही सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये सरकारी वकिलांना न्यायालयीन कामाबद्दलच्या भरपाईच्या दाव्यांपासून संरक्षण दिले. त्यामागे कारण आहे. निकालावरून शिक्षा होऊ लागली, तर प्रत्येक जामिनाला डोळे मिटून विरोध होईल आणि निरपराधही तुरुंगात खितपत पडतील.

तथापि, निष्काळजीपणाला माफी नाही. गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या प्रकरणात ७ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना आदेश दिले : प्रत्येक निर्दोष मुक्ततेची पोलीस व अभियोग खात्यातील वरिष्ठांच्या स्थायी समितीकडून छाननी करावी, चूक करणारा अधिकारी निश्चित करावा आणि दोष आढळल्यास विभागीय कारवाई करावी. त्यापूर्वी १९९५ मध्ये शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने साहाय्यक सरकारी अभियोक्त्यांना पोलीस खात्याच्या नियंत्रणातून वेगळे करण्यास सांगितले होते. ज्याच्या तपासाची पारख करायची, त्याच्याच हाताखाली वकील असू नये, हा त्यामागील विचार. नव्या संहितेत दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या खटल्यांवर देखरेख ठेवण्याचे व अपिलाबाबत मत देण्याचे काम अभियोग संचालकांवर सोपविले आहे.

पीडितांचे हक्क

पीडित व्यक्तीला न्यायालयाच्या परवानगीने सरकार पक्षाच्या मदतीसाठी स्वतःचा वकील देता येतो. निर्दोष मुक्ततेविरुद्ध ती स्वतः अपील करू शकते, आणि तिचे म्हणणे ऐकल्याशिवाय खटला मागे घेण्यास न्यायालय परवानगी देऊ शकत नाही. आरोपी पुढे काय करील, याची हमी कोणताही वकील देऊ शकणार नाही. त्याने यापूर्वी काय केले, हे न्यायाधीशांसमोर ठेवणे मात्र सरकारी वकिलाच्या हातात आहे, आणि जाब विचारायचा तो याच कामाचा.