गेट आधी की तयारी आधी?

मंडळी, आज आपण एका अपग्रेडचा इतिहास पाहू. कोड तेच, कंपाइल नीट होतं, लॉगमध्ये एकही एरर नाही, आणि तरी वेबसाइट उघडत नाही. २३ सप्टेंबर २०१९ ला मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट कोअर ३.० आलं, त्यानंतर अनेकांनी हे अनुभवलं.

आपण वाशिममध्ये आहोत, तेव्हा बाजार समितीचंच उदाहरण घेऊ, कल्पनेतलं. सोयाबीनचा हंगाम आहे. सकाळी आधी गेट उघडायचं, मग काटेवाले आणि हमाल कामाला लागायचे. डॉटनेट कोअर २ मध्ये असंच होतं: आधी वेब सर्व्हर सुरू, मग पडद्यामागच्या सेवा. ३.० मध्ये क्रम उलटला. आतले सगळे 'तयार' म्हणेपर्यंत गेट बंद. अशात एक जण गेल्या वर्षीची पोती मोजायला बसला, तर ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर!

कारण असं, की ३.० मध्ये वेबसाठीचा वेगळा होस्ट मागे पडला आणि सगळ्यांसाठी एकच 'जेनेरिक होस्ट' आला. त्याच्या लेखी वेब सर्व्हर हीसुद्धा रांगेतली एक सेवा, आणि बहुधा शेवटची. सेवा एकामागून एक सुरू होणार. आता खरी मेख बघा. 'बॅकग्राउंडसर्व्हिस' हा क्लास २०१८ पासूनचा. नावावरून वाटतं, त्यातलं काम आपोआप बाजूला चालत असेल. प्रत्यक्षात 'एक्झिक्यूट-असिंक'मधलं काम पहिल्या खऱ्या 'अवेट'पर्यंत सुरुवातीच्या वाटेतच चालायचं. तिथे कोणी न संपणारं लूप लिहिलं असेल, तर सर्व्हरची पाळी येणारच नाही. आवृत्ती २ मध्ये हेच लूप कुणाला जाणवत नव्हतं, कारण गेट आधीच उघडलेलं असायचं.

आमच्या मते क्रम बदलणं चूक नव्हतं. डेटाबेस तयार होण्याआधी गिऱ्हाईक आत घेण्यात काय शहाणपण? चुकलं ते क्लासचं नाव. ते एक सांगतं, काम दुसरंच करतं.

उपाय एका ओळीचा होता: सुरुवातीलाच 'अवेट टास्क.यील्ड' लिहायचं. पण तो माहीत होईपर्यंत माणूस पोर्ट, फायरवॉल, सर्टिफिकेट असं सगळं तपासत बसतो. २०२३ च्या डॉटनेट ८ मध्ये सेवा एकदम सुरू करण्याची सोय आली, तीही मागितली तरच. अखेर नोव्हेंबर २०२५ च्या डॉटनेट १० मध्ये 'एक्झिक्यूट-असिंक' पूर्णच्या पूर्ण बाजूला चालू लागलं. 'स्टार्ट-असिंक'मध्ये कोणी अडून बसलं, तर मात्र गेट अजूनही बंदच राहतं.