बोगद्यातला माणूस : चार्ल्स ब्रॉन्सनच्या चेहऱ्याचा इतिहास

चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यातल्या आमच्या वसाहतीत १९८५-८६च्या सुमारास व्हीसीआर भाड्याने आणायची पद्धत होती. चार घरं मिळून वर्गणी काढायची, रात्रभरात तीन सिनेमे पाहायचे आणि सकाळी मशीन परत करायचं. अशाच एका रात्री व्हिडिओवाल्याने दोन हिंदी सिनेमांच्या जोडीला ‘द ग्रेट एस्केप’ दिला. इंग्रजी कुणालाच धड कळत नव्हतं. बायामाणसं झोपायला गेली, आम्ही पोरं आणि दोन-तीन मोठी माणसं उरलो. माझे बाबा तेव्हा भूमिगत खाणीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळपाळी असूनही ते बसून राहिले. पडद्यावर एक रुंद खांद्यांचा, बारीक डोळ्यांचा माणूस बोगद्यात पोटावर सरपटत माती उकरत होता. छतातून माती ढासळली, तेव्हा त्याने मान आणि खांदे ज्या तऱ्हेने आखडून घेतले ते पाहून बाबा म्हणाले, “हा खाली उतरलेला माणूस दिसते.”

बाबांना त्या नटाचं नाव माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. ते पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. बाबांचा अंदाज शंभर टक्के खरा होता हेही तेव्हाच कळलं. मी इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नाही. नोकरी सांभाळून, जुन्या बाजारातून पुस्तकं आणि सिनेमे जमवत मी हा अभ्यास केला, आणि त्याची सुरुवात त्या एका वाक्यापासून झाली.

त्या नटाचं जन्मनाव चार्ल्स डेनिस बुचिन्स्की. जन्म ३ नोव्हेंबर १९२१, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एरनफेल्ड नावाच्या कोळसा वस्तीत. पंधरा भावंडांतला तो अकरावा. वडील लिथुआनियातून आलेले, लिप्का तातार वंशाचे. आईचं कुटुंबही लिथुआनियनच. त्याच्या गालांची उंच हाडं आणि तिरपे डोळे वडिलांकडून आलेले. घरात इंग्रजी फारसं नव्हतंच. त्यामुळे जन्माने अमेरिकन असूनही त्याच्या इंग्रजीचा सूर परका होता, आणि पुढे सैन्यातल्या सोबत्यांना हा मुलगा परदेशातूनच आलाय असं वाटायचं.

हा परिसर समजून घ्यायला हवा. एरनफेल्डला लागूनच साउथ फोर्क आहे. १८८९ साली साउथ फोर्कचं धरण फुटून जॉन्सटाउन शहर वाहून गेलं आणि २,२०० हून अधिक माणसं मेली. ते धरण होतं पिट्सबर्गच्या धनिकांच्या मासेमारी-शिकारीच्या क्लबचं. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी त्या क्लबचा सभासद होता. वर डोंगरात मालकांचं तळं आणि खाली दरीत मजुरांची घरं. बुचिन्स्की कुटुंब तिथे राहू लागलं ते या दुर्घटनेनंतर, पण वरचे आणि खालचे ही रचना बदललेली नव्हती.

चार्ल्स पोरसवदा असतानाच वडील गेले. साउथ फोर्कच्या शाळेतून तो पदवीपर्यंत नव्हे, पण शालान्त परीक्षेपर्यंत पोहोचला, आणि त्या घरात तेवढं शिकणारा तो पहिलाच. गरिबी अशी की अंगावर घालायला दुसरं काही नाही म्हणून शाळेत बहिणीचा झगा घालून जावं लागलं, ही आठवण त्याने नंतर सांगितली आहे. मग खाण. एक टन कोळसा काढला की एक डॉलर, असा तो हिशेब सांगायचा. त्या दिवसांबद्दल मुलाखतीत त्याने म्हटलंय की, खाणीत असताना आपण माणसांमधली सगळ्यांत खालच्या दर्जाची जात आहोत याची त्याला खात्रीच वाटायची. हे वाक्य वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आमच्या वसाहतीत हे कुणी कधी बोलून दाखवलं नाही, पण माहीत सगळ्यांना होतं.

खाणीतून त्याला बाहेर काढलं ते युद्धाने. १९४३ साली तो सैन्यात गेला. ग्वाम बेटावरून जपानवर जाणाऱ्या बी-२९ बॉम्बफेकी विमानांत तो गनर होता. पंचवीस मोहिमा झाल्या, जखमी सैनिकांना मिळणारं ‘पर्पल हार्ट’ पदक मिळालं. युद्धानंतर अमेरिकन सरकारने परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलला होता. बुचिन्स्की त्या पैशावर आधी चित्रकला आणि मग अभिनय शिकला. फिलाडेल्फियात नाटकांचे पडदे रंगवणं, न्यूयॉर्कमध्ये पडेल ते काम, मग कॅलिफोर्नियातलं पॅसाडेना प्लेहाउस. १९५१ साली पहिला सिनेमा मिळाला.

हॉलिवूडने या माणसाचं काय केलं हे पाहण्यासारखं आहे. १९५३च्या ‘हाउस ऑफ वॅक्स’मध्ये तो खलनायकाचा मुका नोकर इगोर होता. कधी गुंड, कधी मूळनिवासी इंडियन, कधी मेक्सिकन. ज्या चेहऱ्याला कोणताही एक देश नव्हता त्या चेहऱ्यावर स्टुडिओ हवा तो देश चिकटवत होते. १९५४च्या सुमारास त्याने आडनाव बदलून ‘ब्रॉन्सन’ केलं. कम्युनिस्ट शोधून काढण्याचा तो काळ. पूर्व युरोपीय वळणाचं आडनाव कामाच्या आड येईल अशी भीती त्याच्या एजंटाला होती. म्हणजे बापाचं नाव गेलं तेही कुणा तरी वरच्याच्या धाकाने.

१९६० साली ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ आला. कुरोसावाच्या ‘सेव्हन समुराई’चा हा अमेरिकन अवतार. सात बंदूकधाऱ्यांत ब्रॉन्सन आहे बर्नार्डो ओ’रायली, अर्धा आयरिश, अर्धा मेक्सिकन. खेड्यातली पोरं त्याच्या मागे लागतात, आमचे बाप भित्रे आहेत म्हणतात, तेव्हा तो एकाला धरून बडवतो आणि शेतात राबून कुटुंबाचं ओझं वाहणाऱ्या बापाचं धैर्य बंदुकीपेक्षा मोठं असतं असं समजावतो. सिनेमातल्या सगळ्या गोळीबारात मला हाच प्रसंग लक्षात राहिला आहे. ब्रॉन्सन तिथे अभिनय करत असेलही. पण बोलतोय खाण कामगाराचा मुलगा.

मग १९६३चा ‘द ग्रेट एस्केप’. १९४४च्या मार्च महिन्यात जर्मनांच्या छावणीतून ७६ युद्धकैदी बोगद्यावाटे निसटले. ७३ पुन्हा पकडले गेले, त्यांतल्या ५० जणांना गोळ्या घातल्या. ही खरी घटना. त्या बोगद्यांचा मुख्य कारागीर होता वॉली फ्लडी नावाचा कॅनेडियन वैमानिक, आणि तोही युद्धाआधी खाणीत काम केलेला. चित्रीकरणाच्या वेळी तांत्रिक सल्लागार म्हणून तो हजर होता. ब्रॉन्सनने रंगवलेला डॅनी हा ‘बोगद्यांचा राजा’, ज्याला बंद जागेची भीती वाटते आणि तरीही जो खणत राहतो. खाणीत उतरलेल्या एका माणसाच्या देखरेखीखाली खाणीत उतरलेला दुसरा माणूस बोगदा खणत होता. बाबांनी काय ओळखलं ते आता कळतं. पटकथेत जे तिघे अखेर निसटतात त्यांत डॅनी आहे. प्रत्यक्षात सुटलेले तिघे म्हणजे दोन नॉर्वेजियन आणि एक डच.

१९६७च्या ‘द डर्टी डझन’मध्ये त्या बारा गुन्हेगार सैनिकांपैकी जिवंत राहणारा एकटा तोच. तरीही वयाची पंचेचाळिशी ओलांडली तेव्हा हॉलिवूडच्या लेखी तो सहनायकच होता. त्याला नायक केलं युरोपने. १९६८ साली फ्रान्समध्ये आलाँ दलाँबरोबरचा ‘अदिय लामी’ आणि त्याच वर्षी सर्जिओ लिओनेचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’. लिओनेने त्याला नाव दिलं नाही, हातात एक हार्मोनिका दिली. संवाद मोजकेच. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या इतक्या जवळ जातो की सुरकुत्या भेगाळलेल्या जमिनीसारख्या दिसतात. लहानपणी या माणसाच्या खांद्यावर त्याच्या भावाला, गळ्यात फास घालून, उभं केलेलं होतं, आणि तोंडात हार्मोनिका कोंबलेली होती. मुलगा कोसळला की भाऊ मेला. हे रहस्य शेवटी उलगडतं. घरच्यांचं ओझं खांद्यावर घेऊन उभा राहिलेला पोरगा; या भूमिकेसाठी लिओनेने दुसऱ्या कुणाला घेतलं असतं तर ती एवढी खरी वाटली असती का, अशी मला शंका आहे. अमेरिकेत हा सिनेमा कापून दाखवला गेला आणि चालला नाही. फ्रान्समध्ये त्याची दीड कोटीच्या जवळपास तिकिटं खपली.

या सिनेमाचा एक धागा आपल्याकडेही येतो. १९७५च्या ‘शोले’तलं ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड लिओनेच्या सिनेमातल्या मॅकबेन कुटुंबाच्या हत्याकांडावरून आलेलं आहे, हे अभ्यासकांना माहीत आहे. मला वाटतं, जयच्या हातातला माउथ ऑर्गनही तिथूनच आला असावा. मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं जे प्रेक्षक तो सूर ऐकत होते, त्यांच्यापर्यंत पेनसिल्व्हेनियाचा हा खाण कामगार न कळत पोहोचला होता.

जपानमधली गोष्ट याहून नवलाची. १९७० साली तिथल्या ‘मँडम’ या पुरुषी प्रसाधनाच्या जाहिरातीत ब्रॉन्सन झळकला. जाहिरात इतकी गाजली की पुढच्या वर्षी ‘टांचो’ या मूळ कंपनीने स्वतःचं नावच बदलून ‘मँडम’ ठेवलं. पंचवीस वर्षांपूर्वी हाच माणूस बॉम्बफेकी विमानात बसून त्या देशावरून गेला होता. १९७२ साली जगभरातला सर्वांत लोकप्रिय नट म्हणून गोल्डन ग्लोबने त्याला शॉन कॉनरीबरोबर गौरवलं. तेव्हा तो पन्नास वर्षांचा होता.

इथून पुढचा भाग मला लिहायला जड जातो.

१९७४ साली मायकल विनर दिग्दर्शित ‘डेथ विश’ आला आणि अमेरिकेत तो अखेर पहिल्या रांगेतला नायक झाला. मूळ कादंबरी ब्रायन गारफील्डची, १९७२ची. कुणीतरी आपल्या गाडीचं कापडी छप्पर फाडलेलं पाहून लेखकाला जो संताप आला, त्यातून ती सुचली. संताप कधी उतरलाच नाही तर माणसाचं काय होईल, हा तिचा प्रश्न. कादंबरीतला नायक साधा हिशेबनीस आहे आणि हातात पिस्तूल आल्यावर तो हळूहळू रोगट होत जातो. सिनेमात तो वास्तुविशारद झाला. बायकोचा खून होतो, मुलीवर अत्याचार होतो, आणि तो रात्री रस्त्यावर उतरून लुटारूंना गोळ्या घालू लागतो. न्यूयॉर्कच्या चित्रपटगृहांत प्रेक्षक टाळ्या पिटत होते. कमाई दोन कोटी डॉलरच्या वर गेली. गारफील्डला हे रूपांतर मुळीच आवडलं नाही. उत्तरादाखल त्याने १९७५ साली ‘डेथ सेंटेन्स’ ही दुसरी कादंबरी लिहिली.

सिनेमा नीट पाहिला तर एक गोष्ट खटकते. ज्यांनी त्याचं घर उद्ध्वस्त केलं ते गुन्हेगार नायकाला शेवटपर्यंत सापडत नाहीत. तो मारतो ती दुसरीच माणसं. म्हणजे हा सूड नव्हेच. हा शहरातल्या सुखवस्तू माणसाच्या भीतीने गल्लीबोळातल्या फाटक्या पोरांवर झाडलेला गोळीबार आहे. आणि त्यासाठी देह वापरला तो कुणाचा? जो स्वतः अशाच फाटक्या पोरांतून आला, बहिणीचा झगा घालून शाळेत गेला, त्याचा. खाणीने कमावलेले खांदे आणि गरिबीने शिकवलेलं मौन मालकवर्गाच्या भीतीला उसनं दिलं गेलं.

यात ब्रॉन्सनचा दोष किती? या भूमिकेला आपण योग्य नव्हतो, डस्टिन हॉफमनसारखा दुबळा दिसणारा नट हवा होता, असं तो स्वतःच पुढे म्हणाला. हे म्हणणं कादंबरीच्या अगदी जवळचं आहे. पण विनर एक वेगळा किस्सा सांगायचा : कथा ऐकून ब्रॉन्सन म्हणाला, हे करायला आवडेल. सिनेमा करायला? असं विचारल्यावर उत्तर आलं, नाही, लुटारूंना गोळ्या घालायला. दोन्ही मी इथे ठेवतो. गरिबीतून वर आलेल्या माणसाला मागे राहिलेल्यांचा राग येऊ शकतो, हे आपल्या आसपासही दिसतं.

पुढे १९८२ ते १९९४ या काळात ‘डेथ विश’चे आणखी चार भाग आले. १९८४च्या ‘आज की आवाज’मध्ये राज बब्बरने रंगवलेल्या प्राध्यापकावर त्याच मालिकेची सावली आहे. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बर्नहार्ड गोएट्झ नावाच्या माणसाने चार कृष्णवर्णीय तरुणांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा वृत्तपत्रांना लगेच हा सिनेमा आठवला. याच काळात ब्रॉन्सनच्या घरात निराळीच लढाई चालू होती. त्याची पत्नी, अभिनेत्री जिल आयर्लंड हिला कर्करोग झाला. तिने त्याविषयी पुस्तक लिहिलं आणि नाव ठेवलं ‘लाइफ विश’. १९९० साली ती गेली. पुढच्याच वर्षी शॉन पेनच्या ‘द इंडियन रनर’मध्ये ब्रॉन्सनने एका खचलेल्या म्हाताऱ्या बापाचं छोटं काम केलं. त्यात पिस्तूल नाही, दरारा नाही. ३० ऑगस्ट २००३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याचं निधन झालं.

मृत्युलेखांत बहुतेकांनी ‘डेथ विश’चा नायक म्हणूनच त्याची नोंद केली. माझ्या मते ती नोंद अपुरी आहे. त्याच्या नंतरच्या वर्षी आलेला, वॉल्टर हिल या दिग्दर्शकाचा पहिला सिनेमा ‘हार्ड टाइम्स’ पाहावा. मंदीचा काळ. मालगाडीतून चेनी नावाचा एक माणूस उतरतो, ज्याच्याकडे विकायला मुठींखेरीज काही नाही. न्यूऑर्लिन्समध्ये तो पैशासाठी मारामाऱ्या करतो, फार बोलत नाही, कुणाचा द्वेष करत नाही. ब्रॉन्सन तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होता. शेवटची झुंज जिंकल्यावर तो पैशांतला वाटा साथीदारांना देतो आणि रात्री एकटाच रेल्वे यार्डाकडे चालू लागतो.

बाबा निवृत्त झाल्यावर मी त्यांना हा सिनेमा घरी लावून दाखवला. पाहून झाल्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तोच आहे ना तो, बोगद्यातला?” मी होय म्हणालो, आणि तो खरंच खाणीत होता हे सांगितलं.

“मंग,” एवढंच ते म्हणाले.