दहा-बारा बदके आणि ससे

वर्गात सशाच्या गोष्टी मी किती वेळा सांगितल्या असतील, याचा हिशेब नाही. कासवाबरोबरची शर्यत, सिंहाला विहिरीत उडी मारायला लावणारा चतुर ससा... मुलांचे चेहरे फुलून यायचे. पण लेसान बदकाचा इतिहास वाचला आणि सशाची एक वेगळीच गोष्ट कळली. ती आज सांगतो.

प्रशांत महासागरात होनोलुलूच्या वायव्येला सुमारे १५०० किलोमीटरवर लेसान नावाचे बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम चार चौरस किलोमीटर, मधोमध खारे तळे. त्याच्या काठी हे तपकिरी बदक राहते. डोळ्याभोवती पांढरे कडे. तळ्याकाठी माश्यांचे थवे बसतात, त्यांतून हे चोच उघडी ठेवून धावत सुटते आणि माश्या मटकावते! बदकाला धावताना कोणी पाहिले आहे का? फार पूर्वी ते हवाईच्या मोठ्या बेटांवरही होते, हे तिथे सापडलेल्या जुन्या हाडांवरून सिद्ध झाले आहे. पुढे उरले फक्त लेसानवर.

त्या काळी खतासाठी पक्ष्यांची विष्ठा खणून नेण्याचा उद्योग तिथे चाले. तिथले व्यवस्थापक मॅक्स श्लेमर यांनी १९०३च्या सुमारास बेटावर ससे आणून सोडले. खायला हिरवा पाला आणि मारायला कोणी नाही, मग काय विचारता! १९०९ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ही बेटे पक्ष्यांसाठी राखीव केली. पिसांसाठी पक्षी मारणाऱ्यांना कायद्याचा धाक बसला, पण सशांना कायदा कोण वाचून दाखवणार? १९१२च्या सुमारास मोजणी झाली, तेव्हा बदके अवघी दहा-बारा भरली.

१९२३ साली 'टॅनेजर' जहाजातून अभ्यासकांची तुकडी आली. बेटाचे वाळवंट झाले होते. लेसानचा एक छोटा लाल पक्षी तेव्हा फक्त तीन उरला होता. मुक्कामातच वादळ झाले आणि ती जात कायमची संपली. तुकडीने उरलेले सारे ससे मारले. हळूहळू हिरवळ परतली आणि बदकेही वाढत शेकड्यांवर गेली. तळ्यावरच्या माश्या सशांच्या तोंडी लागण्यासारख्या नव्हत्या, म्हणूनच ही जात तोवर तगली असावी, असे मला वाटते.

सशांना मारल्याचे वाचून मन खट्टू झाले, हे कबूल करतो. त्या मुक्या जिवांचा काय दोष? दोष आणणाऱ्याचा. पण नुसती हळहळ करत बसले असते, तर आज हे बदक चित्रातच पाहावे लागले असते. १९०९चा हुकूम चांगलाच होता, पण बेट वाचवायला चौदा वर्षांनी कोणीतरी तिथे जाऊन नको असलेले काम करावे लागले.

एकाच बेटावर सारी भिस्त नको, म्हणून २००४ आणि २००५ साली ४२ बदके मिडवे बेटांवर नेली. तिथे ती चांगली वाढली. २००८ साली विषबाधेच्या रोगाने दीडशेहून अधिक मेली, तरी वंश टिकला. २०१४ मध्ये आणखी २८ क्यूरे बेटावर सोडली.

असो. सशाच्या गोष्टी मी नातवंडांना अजूनही सांगतो. आता त्यात एका बेटाची भर पडली आहे.