रंगांची देवघेव

हज़रतगंजातील सायंकाळच्या फेरफटक्यास लखनौकरांनी ‘गंजिंग’ असे लाडके नाव दिले आहे. नवाब अमजद अली शाह यांना लोक ‘हज़रत’ म्हणत. त्यांच्यावरून 1842 मध्ये या पेठेस हे नाव पडले. 1857 च्या धामधुमीनंतर इंग्रजांनी तिला आपल्या वळणाची बाजारपेठ बनविले व शहरालगत मोठी छावणी वसविली. अशा छावण्यांच्या वाटेने हिंदुस्थानात ज्या विलायती वस्तू आल्या, त्यांपैकी एका क्षुल्लक वस्तूचा इतिहास येथे सांगण्याचा आमचा विचार आहे. ती वस्तू म्हणजे फुटबॉलच्या संघांची चित्रे.

या चित्रांचा उगम 1880 नंतरच्या दशकातील. ब्रॅडफर्ड येथील जॉन बेन्स नावाचा व्यापारी ढालीच्या आकाराची रंगीत चित्रे पुड्यांतून विकीत असे. प्रत्येक ढालीवर एखाद्या क्लबाचे नाव व रंग. मुलास हवा असे आपल्या गावाचा संघ, आणि पुडीतून निघे शेजारच्या गावाचा. मग देवघेवीवाचून गत्यंतर कोणते? पुढे सिगारेटवाल्यांनी हीच युक्ती उचलली. कागदी पाकीट चेपू नये म्हणून आत जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. त्यावर त्यांनी चित्रे छापली, त्यांना क्रमांक दिले आणि पंचवीस किंवा पन्नासांची माला केली. माला पुरी करावयाची तर आणखी पाकिटे घेणे आले.

हिंदुस्थानातील गोऱ्या पलटणींत विल्स कंपनीची ‘सिझर्स’ म्हणजे कैची छाप सिगारेट खपत असे. तिच्या पाकिटांतून 1907 च्या सुमारास इंग्लंडातील फुटबॉल क्लबांच्या रंगांची माला निघाली. ऐन उन्हाळ्यात, घरापासून हजारो कोस दूर असलेल्या शिपायाच्या हाती त्याच्या गावाच्या सदऱ्याचा रंग यावा, यात व्यापाऱ्याचे चातुर्य खरेच. परंतु शिपायाने ते चित्र जपून ठेवावे, हे व्यापाऱ्याच्या हिशेबापलीकडचे होते. परप्रांती नेमणुकीवर असलेल्या आमच्या वाचकांस हे समजावून सांगावयास नको.

युद्धकाळातील कागदटंचाईमुळे इंग्लंडात ही चित्रे प्रथम 1917 मध्ये आणि पुन्हा 1940 मध्ये बंद पडली. 1961 मध्ये इटलीतील मोदेना येथील पानिनी बंधूंनी फुटबॉलपटूंची चित्रे व ती लावण्याच्या वह्या काढल्या. 1970 च्या मेक्सिकोतील विश्वचषकापासून त्या जगभर गेल्या. आता चित्र हाच विकाऊ माल झाला. तथापि देवघेवीचा कायदा बदलला नाही. छापील किंमत सर्वांची सारखी. पण ज्याच्याकडे एकच चित्र दोनदा आले, त्यास दुसरे निरुपयोगी, आणि शेजाऱ्यास तेच अमूल्य. भाव ठरतो तो दोघांच्या गरजेवरून.

आपल्याकडे फुटबॉलची चित्रे मागाहून आली. आपल्या मुलांनी काडेपेट्यांचे छाप जमविले, नंतर च्युइंगगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे. बदलीच्या नोकरीतील घरांत या संग्रहांचे मोल निराळेच असते. दर तीन-चार वर्षांनी शाळा बदलते, भाषा बदलते, सवंगडी मागे राहतात. नव्या गावी हिंदीची बाराखडी जुळण्याआधी शेजारच्या मुलाशी चित्रांचा सौदा जुळतो. ‘माझ्याकडे हे दोन आहेत’ एवढ्या वाक्यावर मैत्रीचा पाया घातला जातो. आवडीचा संघ मात्र गावोगाव तोच राहतो; त्याला बदलीचा हुकूम येत नाही.

हा लळा बालिश म्हणून सोडून देण्याजोगा नाही. हज़रतगंजाजवळच्या क्रीडांगणास के. डी. सिंग ‘बाबू’ यांचे नाव आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकात सुवर्णपदक जिंकणाऱ्या हॉकी संघाचे ते कर्णधार. तेथे 2 सप्टेंबर 2024 रोजी कलकत्त्याचे मोहन बागान व ईस्ट बंगाल हे संघ खेळले. सामना 1–1 असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टींवर ईस्ट बंगालने बाजी मारली. लखनौत बंगाली कुटुंबांची वस्ती जुनी. बंगालपासून इतक्या दूर हिरवा-मरून आणि लाल-सोनेरी हे रंग समोरासमोर उभे राहिले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या घरांनाही आपला रंग निवडावा लागला असेल.

बदलीचा हुकूम आला म्हणजे सामान आवरताना पहिली गदा येते ती मुलांच्या पत्र्याच्या डब्यावर. ‘कसला हा कचरा!’ म्हणून तो रद्दीवाल्याकडे जातो. गृहिणींस व गृहस्थांस आमची विनंती एवढीच, की कपाट येथे विकले तरी चालेल. तो डबा मात्र बरोबर न्यावा. पुढच्या गावी मुलाला पहिला मित्र त्यातूनच मिळावयाचा आहे.