दोन दिशांची फारकत : मुंबई–पुणे रस्त्याचा इतिहास

बोरघाटात 1830 पर्यंत मालाची ने-आण मुख्यतः लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून होत असे. त्या वर्षी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत चाकांच्या गाड्यांना जाता येईल असा रस्ता खुला झाला. बैलगाडीच्या संथ चालीत समोरून येणाऱ्याला वाट देणे हा परस्पर समजुतीचा विषय होता. मोटारी आल्यावर तो जीवनमरणाचा झाला. म्हणूनच 1939 च्या मोटार वाहन कायद्याच्या दहाव्या परिशिष्टात, वाहन शक्य तितके डावीकडून चालवावे आणि समोरच्या वाहतुकीला आपल्या उजवीकडून जाऊ द्यावे, असा नियम घालण्यात आला.

तथापि अविभाजित रस्त्यावर, म्हणजे जेथे दोन्ही दिशांची वाहने दुभाजकाविना शेजारून धावतात तेथे, ओव्हरटेक करणाऱ्याला समोरच्याच्या बाजूत शिरावेच लागते. घाटात पहिल्या गिअरमध्ये रखडत चढणाऱ्या मालट्रकमागे अडकलेला चालक वळणापलीकडचे दिसत नसताना गाडी उजवीकडे काढतो, तेव्हा तो स्वतःबरोबर अनोळखी माणसांचाही जीव पणाला लावतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांमधील अंतर सेकंदाला सुमारे 33 मीटरने घटते, म्हणजे 100 मीटरचे अंतर तीन सेकंदांत संपते आणि त्यातील बराच वेळ धोका ओळखून ब्रेक दाबण्यातच जातो.

या धोक्यावरचा खरा उपाय खर्चिक होता. 2002 मध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या सुमारे 94.5 किलोमीटर लांबीच्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गासाठी डोंगर फोडावे लागले, बोगदे खणावे लागले, आणि येण्याजाण्यासाठी प्रत्येकी तीन मार्गिका देऊन दोन्ही दिशांची फारकत करण्यात आली. दुभाजक हे या खर्चाचे मोठे फलित होय.

पुढचा वळसा टाळण्यासाठी उलट दिशेने गाडी घालणारा चालक हे फलित क्षणात निरर्थक करतो, कारण दुभाजकाच्या भरवशावर वेगाने येणाऱ्याला समोरून कोणी येईल अशी अपेक्षाच नसते. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने असे वाहन चालवणे कलम 184 खाली धोकादायक ठरवले असून, पहिल्या गुन्ह्यालाही एक वर्षापर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वाचलेल्या दोन मिनिटांसाठी दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार कोणालाही नाही. वळसा कितीही लांबचा असला तरी तो घेतलाच पाहिजे.